क्रियापदापर्यंत पुरणारा श्वास

“मी उद्या तुमच्याकडं येणार नाही.” वाक्य पाच शब्दांचं. शेवटचा शब्द गिळला तर अर्थ उलटा होतो, आणि रंगमंचावर नेमका तोच गिळला जातो. नवखा नट ‘मी’ दणक्यात सुरू करतो, ‘तुमच्याकडं’पर्यंत छाती रिकामी होते, ‘येणार’ कसंबसं बाहेर पडतं आणि ‘नाही’ त्याच्याच शर्टाच्या खिशात जाऊन पडतं. पहिल्या तीन रांगांना कळतं, हा काही येणार नाही. मागच्या रांगा पुढचा अख्खा प्रवेश त्याची वाट बघत बसतात.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. इंग्रजीत ही दोन्ही माणसं वाक्यात लवकर हजर होतात, त्यामुळे शेवट थोडा गळला तरी निरोप बहुधा पोचलेला असतो. मराठी नटाला ती सवलत नाही. भाषेने सगळा जीव शेपटीत ठेवलाय, तेव्हा श्वासही शेपटीपर्यंत पुरला पाहिजे. तालमीत यावर एक साधा उपाय करून बघता येतो: वाक्य मागून बांधायचं. आधी नुसतं ‘नाही’. मग ‘येणार नाही’. मग ‘तुमच्याकडं येणार नाही’. असं करत ‘मी’पर्यंत यायचं. हात बरगड्यांच्या खालच्या बाजूला ठेवायचा. श्वास घेताना खांदे वर गेले तर हवा वरच्यावर भरली, बरगड्या बाजूला फाकल्या तर खाली उतरली. दहा मिनिटांचं काम आहे. कंटाळवाणं आहे. त्यामुळे बहुतेक जण ते करत नाहीत आणि ‘भूमिकेत शिरण्याच्या’ गप्पा मारतात.

बीड जिल्ह्यातल्या पोराची नाटकाकडे जाणारी वाट बऱ्यापैकी ठरलेली आहे. शाळेचं गॅदरिंग, गणपतीतली नाटुकली, मग कॉलेजातून विद्यापीठाचा युवक महोत्सव. तिथे एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, मिमिक्री, असं सगळं एका मांडवाखाली चालतं. त्यात चमकला तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग आणि तिथून पुढे पुणे किंवा मुंबई. या वाटेवर कुठेतरी त्याला हमखास एक सल्ला मिळतो: भाषा शुद्ध कर. ‘काय करायलास’, ‘जायलोय’, ‘मपलं-तुपलं’ हे सगळं सोडून ये.

या सल्ल्याचा अर्धा भाग बरोबर आहे. श, ष, स वेगळे उच्चारता आलेच पाहिजेत, ‘न’ आणि ‘ण’ हुकमी निघाले पाहिजेत. पण बोली ही मळ नव्हे. ‘करायलोय’ म्हणताना बीडचा माणूस जिथे स्वर लांबवतो, जिथे वाक्य किंचित वर उचलून सोडून देतो, ती एक नेमकी चाल आहे आणि ती गाण्याच्या चालीसारखी शिकावी लागते, अगदी बीडच्या पोरालाही. कारण घरात बोलताना ती आपोआप येते, पण ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं की तीच नक्कल होऊन बाहेर पडते. याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून गेलेल्या मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली पडद्यावर प्रतिष्ठेने उभी केली. त्यानंतर मालिकांनी तिचं जे केलं ते सांगायला नको. आता कुठल्याही जिल्ह्यातला गावकरी ‘लई’ आणि ‘व्हय’ एवढ्या दोन शब्दांवर महिनोन्महिने एपिसोड ओढतो. साताऱ्याचा असो की सिरसाळ्याचा, सगळे एकाच न सापडणाऱ्या गावचे.

तंत्र म्हणजे नेमकं काय, हे बघायचं असेल तर मराठवाड्याने स्वतःच तयार केलेला एक धडा समोर आहे. विद्यापीठाच्या याच नाट्यशास्त्र विभागात शिकवणारे डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 1979 मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आणला. लेखक, दिग्दर्शक, नट सगळं तेच. मराठवाड्यातलं एक खेडं लंडनच्या लग्नाला निघतं, एवढीच गोष्ट. तीन तासांत बावन्न माणसं आणि ती सगळी एका अंगातून. गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. 22 फेब्रुवारी 2009 ला देशपांडे गेले. त्यांच्यानंतर हा प्रयोग पुन्हा उभा केला तो संदीप पाठक यांनी, आणि ते बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. तीन तास म्हणजे 180 मिनिटं. बावन्नने भागलं तर एका माणसाच्या वाट्याला जेमतेम साडेतीन मिनिटं. प्रत्यक्षात काहींना वीस मिनिटं मिळतात आणि काहींना दोन वाक्यं. दोन वाक्यांच्या माणसाला जन्म घ्यायला वेळच नाही. तो बोलायच्या आधी उभा असावा लागतो. कपडे बदलायला विंगेत जाता येत नाही, मिशी लावता येत नाही, नेपथ्य पाठीशी नाही. उरतं काय? मानेचा कोन, नजरेची उंची, पायावरचा भार आणि आवाजाची जागा.

नजरेचंच घ्या. ‘वऱ्हाड’मधला बबन्या बप्पाशी बोलतो तेव्हा बप्पा समोर नाही, तो नटाच्या नजरेने हवेत टांगलेला आहे. बप्पा डावीकडे, नटाच्या कपाळाच्या उंचीवर असं एकदा ठरलं की प्रेक्षक स्वतःच तिथे माणूस बसवतो, त्याला नाक-डोळे देतो. पुढच्या वाक्याला नजर वीतभर खाली गेली तर बप्पा बुटका होत नाही, तो नाहीसाच होतो. प्रेक्षकाला चूक सांगता येणार नाही, फक्त हसू थोडं कमी येईल. बावन्न माणसांचे असे बावन्न पत्ते डोक्यात ठेवायचे आणि प्रयोगाच्या तिसऱ्या तासाला, घसा सुकलेला असताना, प्रत्येक पत्र त्याच पत्त्यावर टाकायचं. याला कोणी प्रतिभा म्हणेल. त्यातला मोठा भाग पोस्टमनचा आहे.

दुसरी गोष्ट सांध्याची. एक माणूस बोलणं संपवतो आणि दुसरा ऐकून उसळतो, हे एकाच शरीरात घडवायचं असतं. कच्चा नट पहिल्याचं वाक्य पूर्ण करतो, थांबतो, वळतो, मग दुसरा होतो. त्या थांबण्यात प्रेक्षकाला नट दिसतो. पक्का नट वळता वळता दुसऱ्याची प्रतिक्रिया सुरू करतो. वाक्याचं शेवटचं अक्षर पहिल्याच्या तोंडात असतं तेव्हा भुवई दुसऱ्याची झालेली असते. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं ते त्याच क्षणी. हे आरशासमोर जमत नाही, कारण आरशात बघायचं तर नजर पुन्हा पत्ता चुकते. ते मोजून, तुकड्या-तुकड्याने आणि शंभर वेळा करावं लागतं.

‘वऱ्हाड’ पुन्हा उभं करणाऱ्या संदीप पाठकांचं दुसरं टोक पडद्यावर आहे. श्रीहरी साठे यांच्या ‘एक हजाराची नोट’ (2014) या चित्रपटात उषा नाईक गावातली एकटी म्हातारी झाल्यात आणि पाठक शेजारचा सुदामा. तिथे एका माणसात बावन्न नकोत, एकच हवा आणि तोही कमी बोलणारा. कॅमेरा तीन फुटांवर असताना रंगमंचावरची भुवई पडद्यावर आरोळीसारखी दिसते. रंगमंचावर जे कमावलं ते इथे आवरून धरायचं, आवरून धरल्याचं मात्र दिसू द्यायचं नाही. ‘रंगा पतंगा’मध्ये (2016) अनासपुरे हरवलेल्या बैलजोडीच्या शोधात फिरतात आणि पाठक त्यांच्या जोडीला आहेत. दोघांनाही विनोदासाठी ओळखणारा प्रेक्षक तिथे वेगळंच काही बघून बाहेर पडतो. ‘साधा अभिनय केलाय’ असं त्या वेळी म्हटलं जातं. साधा म्हणजे आतला हिशेब न दिसणारा.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. आजचा विद्यार्थी पहिले तीन परीक्षेपुरते पाठ करतो आणि चौथ्यावर जीव टाकतो. आतून यायला हवं, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. त्याच ग्रंथातली आणखी एक जोडी त्याच्या जास्त कामाची आहे: लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. जगात माणूस वागतो तसं वागणं आणि रंगमंचाच्या संकेताने वागणं. मराठवाड्यात या दोन्ही शाळा गावाच्या वेशीतच भरत आल्या. एकनाथांचं पैठण गोदावरीच्या काठावर, तिथून खाली उतरलं की नदीच्या एका बाजूला जालना जिल्हा, दुसऱ्या बाजूला बीडचे गेवराई आणि माजलगाव. सोळाव्या शतकात नाथांनी भारुडं रचली ती अशीच माणसं घेऊन: वासुदेव, गोंधळी, जोशी. सोंगी भारूड करणारा पुरुष लुगडं नेसून येतो, प्रेक्षकांना आपण पुरुष आहोत हे लपवत नाही आणि तरीही पाच मिनिटांत ती बाई रडवते. सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे निरंजन भाकरे हे करत. 2021 मध्ये कोरोनाने ते गेले.

आणि बहुरूपी. त्याचा तर रंगमंचच नाही. खाकी कपडे, हातात वही, दारात उभा राहून तो घरमालकावर भलभलती कलमं लावतो, सगळी यमकात. घरातली लेकरं आधी दचकतात, मग खिदळतात. त्याच्याकडे पडदा, दिवे, तिसरी घंटा काही नाही. जे काही घडवायचं ते उंबऱ्यापाशी पहिल्या चार-पाच सेकंदांत. पाऊल वाजलं कसं, मान फिरली कशी, यावर त्या दिवसाचं धान्य ठरतं. अभिनयाच्या वर्गात ‘प्रवेश’ नावाचा धडा असतो. हा माणूस तो धडा दिवसातून चाळीस दारांवर गिरवत आलाय आणि त्याच्या नावावर एकही प्रमाणपत्र नाही. आता मुलं शाळेत गेली, मोबाइल घरोघरी आला, आणि अनोळखी माणसाकडे संशयाने बघायची सवय गावांना लागली. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार केलं. त्यानंतर वेश घालून परक्या गावात शिरायला वेगळंच धाडस लागतं.

लोकधर्मी म्हणजे अशिक्षित आणि नागर म्हणजे तंत्रशुद्ध, हा समज मोडायला ‘सामना’ (1975) पुन्हा बघावा. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन. निळू फुले आले होते सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवर घडलेले. हिंदुराव पाटील आणि मास्तर समोरासमोर येतात तेव्हा फुले आवाज वाढवत नाहीत, उलट खाली आणतात. सत्ता ज्याच्याकडे आहे त्याला ओरडावं लागत नाही, दुसऱ्यालाच कान पुढे करावे लागतात. हे त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं असेल असं नाही, आजूबाजूचे पाटील बघून घेतलं असणार. लागूंचा मास्तर दारूने सैलावलेला, पण एकेक अक्षर जागेवर. दोघंही मोजून खेळतात. मापं वेगळ्या दुकानांतली, एवढंच.

मॉस्को आर्ट थिएटर 1898 मध्ये सुरू करणारा स्तानिस्लावस्की मराठीत के. नारायण काळे यांच्या ‘अभिनय साधना’ या अनुवादामुळे आला. त्याच्या नावावर एक गोष्ट जास्त खपली: स्वतःचं दुःख आठवा आणि रडा. नाटकात बाप मरतो, तर नटाने आपला मेलेला आजोबा आठवायचा. हे एकदा जमतं. पंचविसाव्या प्रयोगाला आजोबाही थकतात. स्तानिस्लावस्की स्वतः शेवटच्या वर्षांत यापासून दूर सरकला आणि शारीरिक क्रियेकडे वळला. माणूस काय ‘वाटून घेतो’ यापेक्षा तो हाताने काय ‘करतो’ तिथून सुरुवात करा, भावना मागून येते, असं त्याचं म्हणणं होतं.

बीडच्या नटासाठी याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही, कारण त्याच्या एकांकिकेत ऊसतोड कामगार हमखास असतो. युवक महोत्सवातला हा कामगार बहुधा मध्यभागी उभा राहतो, प्रकाशझोताकडे बघतो आणि शोषणावर भाषण करतो. डोळ्यांत पाणी. टाळ्याही मिळतात. पण त्याच्या हातातला कोयता क्रिकेटच्या बॅटसारखा धरलेला असतो.

ऊस तोडणं ही क्रमाने होणारी क्रिया आहे. कमरेत वाकायचं, डाव्या हाताने ऊस कवेत घ्यायचा, कोयता जमिनीलगत मारायचा, कारण खालच्या कांड्यात साखर जास्त आणि बुडखा राहिला की ओरडा. मग शेंड्याचं वाढं छाटायचं. पाचट काढायचं. ऊस एकाखाली एक टाकत जायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची तर टनांचा आकडा भरायचा, तेव्हा हात थांबत नाही. मोळी डोक्यावर असताना मान वळत नाही. शेजारच्याने हाक मारली तर अख्खं धड वळतं. फळीवर पाऊल टाचेने नाही, चवड्याने. श्वास चढताना रोखलेला, वर पोचल्यावर सुटलेला.

आता या माणसाला लेखकाने दिलेलं वाक्य बोलायला लावा: पोरीला यंदा शाळेत ठेवायचंय. मोळी डोक्यावर असताना हे वाक्य भाषणासारखं निघूच शकत नाही. ते तुटेल, ‘शाळेत’च्या आधी श्वास घ्यावा लागेल, ‘ठेवायचंय’ बाहेर पडेपर्यंत तो फळीच्या टोकावर असेल. डोळ्यांत पाणी आणायची गरज नटाला उरणार नाही. ते काम प्रेक्षक करेल.

मोळी नाहीच, तर काय करायचं? वीस किलोचं पोतं घ्या, तालमीच्या खोलीत चार फेऱ्या मारा, मग पोतं काढून त्याच चालीने चला. शरीर थोडा वेळ भार विसरत नाही. ते विसरायच्या आत लक्षात ठेवायचं की कुठला स्नायू काय करत होता. पुन्हा पोतं. पुन्हा काढा. याला निरीक्षण म्हणायचं तर ते डोळ्यांनी कमी आणि मानेने जास्त केलेलं निरीक्षण आहे.

शेतकरीच नट झाला तर? हा प्रयोगही बीडपासून हाकेच्या अंतरावर झालाय. गोदावरीपलीकडे जालना जिल्ह्यातलं जांबसमर्थ, समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथले शेतकरी-लेखक राजकुमार तांगडे आणि त्यांची मंडळी शेतीची कामं आटोपून नाटक करत. पुण्याच्या अतुल पेठे यांनी तिथे राहून त्यांना घेऊन मकरंद साठे यांचं ‘दलपतसिंग येती गावा’ बसवलं. पुढे 2012 मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखन तांगडे यांचं, संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. नंदू माधव गेवराईचे, म्हणजे नदीच्या अलीकडचे.

याच नंदू माधव यांनी त्याआधी परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये (2009) दादासाहेब फाळके उभे केले होते. तो चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला. फाळक्यांच्या घरातली भांडीकुंडी विकली जातात, डोळे अधू होतात आणि नट चेहऱ्यावर दुःख आणतच नाही. तो फक्त चालण्याचा वेग कमी होऊ देत नाही. 1913 च्या मूकपटांतली माणसं जशी जरा जास्तच लगबगीने हलतात तशी ती चाल. विनोद चेहऱ्याला कळलेलाच नाही असा ठेवायचा आणि पायांकडून वदवायचा, ही कसरत कोणत्याही रडण्यापेक्षा अवघड. गंमत म्हणजे त्या भूमिकेबद्दल बोलताना बहुतेक जण ‘किती सहज’ म्हणतात.

असा नट शेतकऱ्यांना घेऊन नाटक बसवतो तेव्हा तो त्यांना काय शिकवतो? कुदळ कशी धरायची हे तर नाहीच. जांबसमर्थच्या मंडळींकडे अंगमेहनतीचं शरीर होतं, पोवाड्याला लागणारा खुला गळा होता, शिवाराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय होती. नव्याने कमवायचं होतं ते दुसऱ्याचं ऐकणं, थांबणं आणि कालचंच वाक्य आज पहिल्यांदा सुचल्यासारखं बोलणं. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण जिरेटोप मागे राहतो आणि त्या मापाचं डोकं शोधायची वेळ येते, अशी त्या नाटकाची कल्पना. ती गण-गवळणीच्या ढंगात, हसवत हसवत जाते. सूर एका बाजूला झुकला तर फार्स, दुसऱ्या बाजूला झुकला तर सभा. त्या दोन्हींच्या मधून नाटक गेलं आणि महाराष्ट्रभर गेलं. त्यातल्या कैलास वाघमारे यांना पुढे ‘तान्हाजी’सारख्या हिंदी चित्रपटात लोकांनी पाहिलं.

हौशी नटांची एक तक्रार नेहमी कानावर येते: आमच्याकडे साधनं नाहीत. खरी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचं नाट्यगृह सोडलं तर तालमी बऱ्याचदा वर्गखोलीत, मंदिराच्या सभामंडपात, नाहीतर कोणाच्या तरी गच्चीवर होतात. पण श्वास, नजर, भार आणि थांबा या चार गोष्टींना वीजही लागत नाही. लागतो तो समोर बसून ‘शेवटचा शब्द ऐकू आला नाही’ एवढंच निर्दयपणे सांगणारा एक माणूस. सभामंडपाला त्यातही एक फायदा आहे. तिथे कीर्तनकारांनी माइक नसतानाच्या काळात दोन-दोन तास आवाज शेवटच्या खांबापर्यंत पोचवलाय. आख्यान लावताना एकाच अंगात राजा, राणी आणि दूत आणलेत. बीडला त्या परंपरेची वाण कधीच नव्हती. अभिनयाची पुस्तकं शोधणाऱ्या पोराने चार रात्री मागच्या खांबाला टेकून, भक्तिभाव थोडा बाजूला ठेवून, नुसता श्वास कुठे घेतला जातो ते मोजावं.

युवक महोत्सव पावसाळा सरता सरता येतो. दसऱ्याच्या सुमाराला ट्रक आणि ट्रॅक्टर गावात लागतात, भांडी, अंथरुणं, शेळी, कोंबड्या चढतात आणि माणसं कारखान्यांकडे निघतात. कॉलेजात एकांकिकेत कोयता धरणाऱ्या पोरांपैकी काहींचे आईबाप त्याच आठवड्यात निघालेले असतात. तालमीतून वेळ काढून पोरगं गावी येतं, सामान वर द्यायला हात लावतं. वर उभी असलेली आई बोचकं घेते, खाली वाकते, पुढचं मागते. फळीवरून चढताना तिची टाच टेकत नाही.